मार्गदर्शक-व्याख्याता : मुंबईतील एका हुद्द्याची हकीकत

कीर्तनकार नमन आटोपतो, मूळ पद म्हणतो आणि मग त्या पदातील एकेक शब्द हाती घेऊन श्रोत्यांपुढे उलगडू लागतो, त्या भागाला आपल्याकडे निरूपण म्हणतात. आणि नारदीय कीर्तन ज्याने मन लावून ऐकले आहे त्याला हे ठाऊक असते की, उत्तररंगातील आख्यान कितीही रसाळ असले तरी बुवांचा कस लागतो तो या पूर्वरंगातच. पद बहुधा सर्वांच्या पाठातले असते. घरी, देवळात, वारीच्या वाटेवर ते शेकडो वेळा म्हटले गेलेले असते, आणि इतक्या वेळा म्हटल्यामुळेच त्यातील अर्थाकडे वळून पाहण्याची गरज कोणाला भासेनाशी झालेली असते. निरूपणकार त्यात पदरचे काही घालीत नाही. जे तेथे होतेच ते तो दाखवितो, आणि ऐकणारा घरी जाताना तेच पद नव्याने गुणगुणत जातो.

दारापुढचे झाड, वळचणीची चिमणी, डोंगरातील लेणे, गडाचा पडका बुरूज या गोष्टींची स्थिती त्या पाठ झालेल्या पदासारखीच आहे. त्या रोज दिसतात आणि रोज दिसतात म्हणून दिसत नाहीत. त्यांचे निरूपण करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, त्यासाठी माणूस नेमावा, त्याला दरमहा मुशाहिरा द्यावा आणि त्याच्याकडून हे काम शास्त्रशुद्ध रीतीने करून घ्यावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत रुजली. पुढे तिकडे या व्यवसायास ‘इंटरप्रिटेशन’ म्हणजे मूळ अर्थाने दुभाष्याचे काम, असे नाव मिळाले. आपल्या सरकारी मराठीत त्याला कोठे ‘परिचय’ म्हणतात, कोठे ‘माहिती’. हे दोन्ही शब्द मला तोकडे वाटतात. माहिती पाटीवर लिहिता येते आणि परिचय एका नमस्काराने होतो. अर्थ मात्र कोणी तरी समोर उभे राहून उलगडून द्यावा लागतो. आपल्या घरात निरूपण हा शब्द असताना उसना शब्द कशाला शोधावा?

या व्यवसायाचा मुंबईतील इतिहास लिहू गेल्यास तो एका हुद्द्याभोवती फिरतो. इ. स. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील नव्या निसर्गेतिहास विभागात ‘गाइड-लेक्चरर’, म्हणजे मार्गदर्शक-व्याख्याता, या जागेवर एका तिशीच्या उंबरठ्यावरील तरुणाची दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. चार वर्षांच्या आत ती जागा खर्चाच्या अडचणीमुळे मोडीत निघाली. तरुणाचे नाव सलीम अली. पुढे सबंध जगाने त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले; परंतु त्यांची साठ वर्षांची कारकीर्द क्रमाने पाहू लागले म्हणजे असे दिसते की, जमाखर्चाच्या वहीतून खोडून टाकलेले ते काम त्यांनी हातचे कधीच सोडले नाही.

त्या हुद्द्याची पूर्वपीठिका अव्वल इंग्रजीच्या काळापर्यंत मागे जाते. मुंबईत पहिला अजबखाना उभा राहिला तो १८५५ साली, किल्ल्यातील टाउन बॅरक्समध्ये. आणि त्याच्या लांबलचक नावातच निसर्गेतिहास, अर्थव्यवहार, भूगर्भ, उद्योग आणि कला ही सारी प्रकरणे एकत्र नांदत होती. १८५७ च्या धामधुमीत तो मोडला. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड यांनी वर्गणी जमवून, सरकारदरबारी खेटे घालून तो पुन्हा उभा करविला आणि १८७२ च्या मे महिन्यात भायखळ्याच्या राणीच्या बागेत त्याची आजची इमारत लोकांस खुली झाली. भाऊ दाजींचे नाव तिला मिळाले ते शंभर वर्षांनी, १९७५ साली.

याच इमारतीत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांपैकी दोघे आपले होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची सिद्ध करणारे डॉ. सखाराम अर्जुन. निसर्गाचा अभ्यास हे साहेबांचे शिकारीनंतरचे फावल्या वेळचे वेड होते, असा जो समज आपल्याकडे दृढ आहे त्याला या दोन नावांनी पहिल्याच दिवशी छेद दिला आहे, आणि मराठी वाचकांनी तरी ती विसरू नयेत. उरलेल्यांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन या गृहस्थाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. त्याचा जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ व जकात खात्यातली, आणि लेखन ‘एहा’ या सहीने. बंगल्याच्या पडवीत वावरणारे बेडूक, पाली, मुंग्या आणि कावळे यांवर त्याने इतक्या आपुलकीने लिहिले की, शास्त्रज्ञांच्या बैठकीबाहेरच्या माणसालाही आपल्या अंगणात डोकावून पाहावेसे वाटले. मुंबईच्या नित्य परिचयाच्या पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक १९०० साली निघाले. निरूपणाची ही मुंबईतील पहिली पोथी म्हणता येईल.

सोसायटीला स्वतःचे घर नव्हते. हर्बर्ट फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीतील जागा तिला दिली, आणि पुढे अपोलो स्ट्रीटवरील त्याच्या कचेरीत पिंपांच्या आणि हिशेबाच्या शेजारी साप, फुलपाखरे व पक्ष्यांची कातडी यांचा संसार थाटला गेला. तेथे चिटणिसाच्या खुर्चीमागील पिंजऱ्यात १८९४ साली कारवारकडून आलेला एक धनेश पक्षी राहत असे. विल्यम हे त्याचे नाव. तो २६ वर्षे त्या कचेरीत नांदला. आणि त्याचीच आकृती पुढे संस्थेची मुद्रा झाली. कामानिमित्त येणारा माणूस आधी या पक्ष्यापाशी थबकत असेल, त्याची ती अवाढव्य चोच न्याहाळीत असेल, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही.

या कचेरीत १९०८ साली एक मुलगा भीतभीत शिरला. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेला, आईबापांवाचून पोरका झालेला हा मुलगा हवेच्या बंदुकीने चिमण्या टिपीत असे, आणि त्या दिवसांत त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्याखाली पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ती खाण्यास चालेल काय, हा त्याचा प्रश्न. प्रश्न धर्माचा होता आणि उत्तर पक्षिशास्त्राचे हवे होते. मामांना ते सांगता येईना, म्हणून त्यांनी सोसायटीचे मानद चिटणीस वॉल्टर मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन मुलाला धाडले.

पुढे जे घडले ते सलीम अलींच्या चरित्रात सर्वांनीच वाचलेले आहे, आणि ते वाचून आपण चटकन पुढे जातो. मला मात्र तेथेच थांबावेसे वाटते. मिलर्ड हा फिप्सनच्या पेढीचा मुख्य, वयाने, मानाने आणि त्या काळच्या राज्यव्यवस्थेप्रमाणे जातीनेही मुलाच्या कितीतरी वरचा. पक्ष्याचे नाव सांगून मुलाची बोळवण करणे त्याला सहज शक्य होते, आणि तेवढ्यानेही मुलाचे समाधान झाले असते. त्याने तसे केले नाही. त्याने नाव सांगितलेच, परंतु त्यापाठोपाठ संग्रहाची कपाटे उघडली, एकामागून एक खण बाहेर ओढले आणि हिंदुस्थानातील पक्ष्यांची पेंढा भरून ठेवलेली शेकडो कातडी त्या मुलापुढे मांडली. एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी आलेल्या मुलाला आपण एका अफाट मुलखाच्या वेशीवर उभे आहोत असे त्या क्षणी दिसले असले पाहिजे. मग मिलर्डने त्याला वाचावयास पुस्तके दिली. त्यांत एहाचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तकही होते. पुढे संस्थेचे पगारी क्युरेटर नॉर्मन किनिअर यांच्याशी गाठ घालून दिली, पक्षी सोलून त्याचे कातडे टिकविण्याची विद्या शिकण्याची सोय केली. पुढे ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कपाटे उघडली त्याच्यासाठी कोणी तरी आधी कपाट उघडले होते.

मधली वर्षे चटकन सांगतो. कॉलेजात मन लागेना म्हणून सलीम अली ब्रह्मदेशात तवाय येथे घराण्याच्या वुल्फ्रॅम-खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तेथील अरण्याने त्यांना जितके शिकविले तितके धंद्याने शिकविले नाही. परत येऊन दावरांच्या कॉलेजात व्यापारी शिक्षण घेतले, त्याच काळात सेंट झेविअर कॉलेजात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे पाठ घेतले. १९१८ साली तहमिना यांच्याशी विवाह झाला. पुढे धंदा बसला. पक्षिशास्त्राची सरकारी जागा पदवीअभावी हुकली. अशा स्थितीत म्युझियममधील तो हुद्दा चालून आला.

म्युझियमची इमारत जॉर्ज विटेट या वास्तुतज्ज्ञाची. १९०५ साली कोनशिला बसली, १९१४ च्या सुमारास बांधकाम पुरे झाले, युद्धकाळात तिचे इस्पितळ झाले आणि अखेर १० जानेवारी १९२२ रोजी ती लोकांस खुली झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणाऱ्या घुमटाखाली नाशिकच्या एका जुन्या वाड्यातील कोरीव लाकडी कमानी गोलाकार बसविलेल्या आहेत. एका बाजूस शिल्पे, दुसऱ्या बाजूस चित्रे आणि नाणी, आणि त्यांच्याच जोडीला प्राणी व पक्षी. मानवाने घडविलेले आणि निसर्गाने घडविलेले एकाच छपराखाली पाहावयास मिळावे ही १८५५ ची जुनी कल्पना येथे मोठ्या ऐश्वर्याने साकार झाली होती. निसर्गेतिहास विभागाची मांडणी सोसायटीचे क्युरेटर स्टॅनली प्रेटर यांच्याकडे होती. परदेशांतील संग्रहालयांची नवी पद्धत अभ्यासून त्यांनी प्राणी नुसता ठोकळ्यावर उभा न करता त्याच्या रानात, त्याच्या गवतात, त्याच्या पाणवठ्याशी उभा करण्याची रीत येथे आणली, आणि या दालनांना कालांतराने जी कीर्ती लाभली ती त्यांच्या नजरेची आहे.

मात्र काचेआडचा प्राणी कितीही बेमालूम उभा केला तरी तो बोलत नाही. ही अडचण लंडनला आधीच जाणवली होती. तेथील ब्रिटिश म्युझियमने १९११ साली प्रेक्षकांना दालनांतून हिंडवून समजावून सांगणारा व्याख्याता नेमला आणि पुढच्याच वर्षी निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाने तोच कित्ता गिरविला. मुंबईतला हुद्दा त्याच जातीचा. शाळाशाळांतून येणाऱ्या मुलांचे घोळके आणि इतर हौशी प्रेक्षक यांना एकेका काचेपुढे उभे करून त्या प्राण्याचे घर, अन्न, ऋतू आणि शेजार यांविषयी सांगावयाचे, एवढे ते काम. ‘एवढे’ म्हणावयास सोपे, परंतु एकदा मुलांच्या घोळक्यापुढे उभे राहून पाहावे. आठ वर्षांच्या मुलाला लॅटिन नाव नको असते. हा चावतो का, हा झोपतो कोठे, याला कोण खातो, हे त्याचे प्रश्न असतात, आणि ते मूलगामी असतात. त्यांची उत्तरे देताना ज्ञान किती आहे यापेक्षा ते ज्ञान पाहिलेले आहे की वाचलेले, हे आधी उघडे पडते.

सलीम अली या कामाला दोन वर्षांत कंटाळले. त्यांच्या चाहत्यांना हे वाक्य बोचेल, पण ते खरे आहे आणि त्यांच्या बाजूचे आहे. तीच दालने, तीच भरलेली कातडी, आणि त्यांविषयी सांगण्याजोगे जे होते ते बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेले. जिवंत पक्ष्याचे आपण स्वतः काय पाहिले, या प्रश्नाला मनाजोगे उत्तर नसल्यावर प्रामाणिक निरूपणकाराला आपलेच शब्द पोकळ वाटू लागतात. १९२८ साली अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्यापाशी शिकले. श्ट्रेझेमान यांना ते अखेरपर्यंत आपले गुरू मानीत. कातड्याच्या मोजमापापलीकडे जाऊन पक्ष्याचे जीवन हाच अभ्यासाचा विषय करावा, ही दृष्टी तेथे मिळाली. उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात तेही तेथेच पाहावयास मिळाले.

१९३० साली परत येऊन पाहतात तो हुद्दा नाहीसा झालेला. पैसा नव्हता, आणि पैसा नसला म्हणजे अंदाजपत्रकाची कात्री जेथे प्रथम चालते तेथे ती चालली होती. कोणाला दोष देण्याचे कारण नाही. जगभर आजही असेच घडते : इमारतीचा रंग टिकतो, पहारेकरी टिकतात, कपाटांची कुलपे टिकतात आणि त्या कपाटांत काय आहे हे सांगणारा माणूस आधी कमी होतो. परंतु ही काटछाट ज्यांनी मंजूर केली त्यांच्या मनात त्या जागेची जी किंमत होती तिच्याविषयी मला खेद वाटल्यावाचून राहत नाही.

नोकरी गेली, मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून पतिपत्नी समुद्रापलीकडे किहीमला जाऊन राहिली. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातले, अलिबागच्या उत्तरेस माडांत दडलेले हे गाव. पावसाळा तोंडावर आला होता, आणि घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत आपले खोपे विणू लागली होती.

सुगरणीचा खोपा कोणी पाहिला नाही? विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला, शिंदीच्या झावळ्यांना, पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला ते टांगलेले असतात. शाळकरी मुलांच्या हातांत वाळलेला खोपा दिसला म्हणजे पाऊस सरला असे समजावे. ज्या भाषेने या पक्ष्याला हे नाव दिले तिने त्यातच आपली समजूतही गोवून ठेवली : एवढे नाजूक, एवढे नेटके काम करणारी ती बाईच असली पाहिजे, आणि तीही सुगरण. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनी याच खोप्यावर गाणे रचले आणि पिलांसाठी जीव टांगणाऱ्या त्या मातेला मराठी मनात कायमचे घर करून दिले.

सलीम अली त्या वसाहतीपुढे दिवसच्या दिवस बसले. त्यांनी जे पाहिले ते १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि ते असे. विणतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून, पाते धरून उडी घेत तो लांबच लांब धागा सोलून काढतो, फांदीला गाठ मारतो, आधी कडे आणि मग शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार करतो. या टप्प्यावर काम थांबते. माद्यांचा थवा वसाहतीत उतरतो. नर आपापल्या अर्ध्या खोप्याला उलटे लोंबकळून, पंख फडफडवून त्यांना बोलावू लागतात. आणि माद्या एकेका खोप्यात शिरून, धागे ओढून, तपासून पाहतात. पसंत पडला नाही तर मादी निघून जाते, आणि तो खोपा तसाच राहतो. वसाहतीत जे अर्धवट खोपे लोंबताना दिसतात ते नराचे झोपाळे होत, असा एक जुना समज होता. प्रत्यक्षात ती नापसंत झालेली घरे असतात. पसंत पडला तर मादी त्याचा ताबा घेते आणि मगच नर अंड्यांची खोली व खाली उतरणारी नळी पुरी करतो. अंडी उबविणे आणि बहुतांशी पिले वाढविणे हे तिच्याकडे. नर तोवर शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याची गाठ मारू लागलेला असतो, आणि त्या खोप्याला दुसरी मादी येते. खोप्याच्या आत जे चिखलाचे गोळे सापडतात त्यांत सुगरण काजवे चिकटवून दिवा लावते, ही लोककथा मोठी सुंदर आहे. चिखल खरा आहे, दिवा मात्र नाही.

यावर कोणी म्हणेल की, शास्त्राने बहिणाबाईंना खोटे पाडले. मला तसे मुळीच वाटत नाही. ज्या खोप्यात पिले वाढली तो टिकला तो एका मादीने तो हाताळून, ओढून, पारखून घेतला म्हणून. आणि आमच्या घरांतून सुगरणीचे नाव जिला मिळते तिचीही खरी करामत चुलीपाशी जाण्याआधी, वाणसामान निवडताना दिसते. किहीमच्या निरीक्षणाने गाण्यातली माऊली कायम ठेवली आणि तिच्या पदरात एक अधिक गुण घातला. निसर्गाचे आणि संस्कृतीचे निरूपण हे दोन वेगळे धंदे नव्हेत, असे मी मानतो ते अशाच उदाहरणांवरून. खोप्याविषयी सांगणाऱ्याला पक्ष्याचे चरित्र ठाऊक हवे आणि पक्ष्याचे नाव भाषेत कोठून आले तेही ठाऊक हवे. यांतले एक वगळले की ऐकणाऱ्याच्या हाती अर्धाच खोपा लागतो.

यानंतर संस्थानांच्या पक्षिपाहणीचा काळ आला. डेऱ्याचा आणि वाहतुकीचा खर्च संस्थानाने सोसावा, आपण वेतन घेणार नाही, अशा अटीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या मुलखांत पाहण्या केल्या. तहमिना डेऱ्याची व्यवस्था पाहत आणि पतीच्या इंग्रजी लेखनावर आपला सुसंस्कृत हात फिरवीत. त्या गद्याचा जो सुबोध ओघ पुढे सर्वांना मोहवू लागला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९३९ साली त्या गेल्या.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक सोसायटीने प्रसिद्ध केले. बंद झालेल्या हुद्द्याचे काम हे पुस्तक तेव्हापासून अव्याहत करीत आले आहे. त्यातील रंगीत चित्रांची वाखाणणी सर्वांनी केली. मी त्यातील एका लहानशा युक्तीकडे लक्ष वेधू इच्छितो. अनोळखी पक्ष्याचे आकारमान सांगताना ग्रंथकार इंचांवर विसंबत नाही. तो म्हणतो, हा चिमणीएवढा, हा बुलबुलापेक्षा थोडा मोठा, हा मैनेएवढा, हा कावळ्यापेक्षा लहान, हा घारीएवढा, हा गावठी कोंबडीएवढा. मोठा असेल तर अधिकाचे चिन्ह, लहान असेल तर उणेचे. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या पाखराला कोणी फूटपट्टी लावून पाहत नाही. पण चिमणी, कावळा आणि कोंबडी यांची मापे हिंदुस्थानातील प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत जन्मापासून बसलेली आहेत. जे परके ते आपल्या अंगणातील ओळखीच्या मापाने मोजून द्यावयाचे, ही ती युक्ती. म्युझियममध्ये मुलांच्या घोळक्यापुढे घालविलेली ती दोन कंटाळवाणी वर्षे मला या अधिक-उणेच्या चिन्हांत दिसतात.

याच तत्त्वाला पुढे अमेरिकेत सिद्धांताचे रूप आले. तिकडे कोलोरॅडोतील लाँग्ज शिखराच्या पायथ्याशी पांथशाळा चालविणारा आणि प्रवाशांना शिखरावर नेणारा एनॉस मिल्स हा स्वतःस ‘निसर्ग-वाटाड्या’ म्हणवीत असे. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९२० साली निघाले आणि त्याच वर्षी योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राध्यापकांनी प्रवाशांना रानवाटांनी हिंडविण्याचा सरकारी प्रघात पडला. या सर्व अनुभवाची मीमांसा केली ती फ्रीमन टिल्डन याने. सोसायटी जन्मली त्याच १८८३ सालचा त्याचा जन्म. पत्रकारी, कादंबऱ्या, नाटके यांत हयात घालविल्यावर साठीच्या आसपास तो राष्ट्रीय उद्यानांकडे वळला आणि १९५७ साली त्याचा या विषयावरील ग्रंथ आला. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाशी नाते जोडल्यावाचून केलेले सांगणे वांझ राहते. नुसती माहिती म्हणजे निरूपण नव्हे, तरी माहितीवाचून निरूपण नाही. आणि शिकविण्यापेक्षा कुतूहल चेतविणे हे या कामाचे मुख्य प्रयोजन, असा त्याचा आशय. टिल्डनने हे लिहिले तेव्हा मुंबईतील पक्षिग्रंथाला सोळा वर्षे झाली होती. कोणी कोणाचे वाचून केले असे नव्हे. प्रामाणिकपणे तोच रस्ता चालणारे दोघे एकाच पाणवठ्यावर आले.

स्वातंत्र्यानंतरची हकीकत बहुतेकांना विदित आहे. सोसायटी आर्थिक संकटात सापडली तेव्हा नेहरूंना लिहून तिच्यासाठी साह्य मिळविणे. १९५८ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी अलीगढ विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध केलेला पक्ष्यांवरील दहा खंडांचा महाग्रंथ. १९७६ चे पद्मविभूषण. गेटी पारितोषिकाची रक्कम निसर्गरक्षणाच्या निधीला देणे. १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व. १९८७ साली देहावसान. या थोर गोष्टींच्या गर्दीत लहान गोष्टी झाकून जातात. लईक फतेहअली यांच्यासह सामान्य वाचकांसाठी लिहिलेले नित्य परिचयाच्या पक्ष्यांचे १९६७ चे छोटे पुस्तक, आकाशवाणीवरील भाषणे, तरुणांना बरोबर घेऊन केलेली पायपीट, ही त्या जुन्या हुद्द्याचीच कामे. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातील माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि ती आपल्या भाषेच्या स्वाधीन केली, तेही याच परंपरेतले. निरूपणकाराने रानाकडून माणसांकडे जसे यावे तसे माणसांकडून शास्त्राकडेही जावे, हे त्यांनी दाखविले.

आता एकच हकीकत. म्हैसूरच्या मलनाडातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली एक अज्ञात ताप उद्भवला. त्याचे साधर्म्य सैबेरियातील एका तापाशी दिसले, आणि त्याचे विषाणू स्थलांतर करणारे पक्षी तर आणीत नसतील, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी योजना हाती घेतली, आणि हेल्गोलांडला तीस वर्षांपूर्वी पाहिलेली विद्या सलीम अलींच्या कामी आली. भरतपूरच्या तळ्यात धरलेल्या बदकांच्या पायांत बोटाच्या पेराएवढे अॅल्युमिनियमचे कडे बसवावयाचे, वहीत नोंद करावयाची आणि पक्षी सोडून द्यावयाचा. कड्यावर एक अनुक्रमांक आणि जेमतेम चार शब्द मावत : मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेला कळवा. सैबेरियातल्या एखाद्या दलदलीत, इंग्रजी न जाणणाऱ्या, मुंबई कधी न पाहिलेल्या शिकाऱ्याच्या हाती ते बदक पडे. तो त्या कड्याकडे निरखून पाही, हा पक्षी कोठला आणि कोणाचा असा विचार करी आणि कोणाकडून तरी ते शब्द वाचून घेई. सोव्हिएत मुलखातून अशा कड्यांच्या खबरा मॉस्कोमार्गे मुंबईच्या दप्तरात दाखल होऊ लागल्या, आणि एकेका अनुक्रमांकापुढे धरल्याच्या गावाच्या जोडीला मिळाल्याचे गावही लिहिले जाऊ लागले.